धंदा उघडण्याआधीच झोप उडाली असेल तर...

ॲसिडिटी वाढली आहे, रात्री दोन-तीन वाजता जाग येते आणि मग झोप लागत नाही, छातीत मधूनच धडधडते, जेवणावरची वासना गेली आहे, अशा तक्रारी घेऊन तिशी-पस्तिशीचा एखादा माणूस दवाखान्यात येतो. रक्तदाब तपासला जातो, कार्डिओग्राम काढला जातो, रक्ताच्या तपासण्या होतात आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग जरा सावकाश विचारपूस केली की खरी गोष्ट बाहेर पडते. नोकरी सोडून दुकान टाकायचे चालले आहे. गाळा पाहून ठेवला आहे, दुकानाचे नावही ठरले आहे, पण सहा महिने झाले तरी निर्णय होत नाही. घरगुती व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्या बायकांच्या बाबतीतही हेच दिसते. मसाल्याला किंवा पापडाला हात चांगला बसलेला असतो, शेजारीपाजारी मागणीही असते, पण ‘चालला नाही तर?’ हा एक प्रश्न दिवसरात्र डोक्यात घुमत राहतो.

नवा धंदा सुरू करताना काळजी वाटणे हा आजार नव्हे. घरातली शिल्लक पणाला लागत असताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याचीच खरे तर काळजी करायला हवी. मात्र ही काळजी कामाला लागण्याऐवजी नुसतीच फिरत राहिली, तर ती शरीरही पोखरते आणि धंदाही अडवते. तिला कामाला कसे लावायचे, हे आजच्या लेखात पाहू.

विचार आणि रवंथ

गाय-म्हैस चारा खाऊन झाला की निवांत बसून रवंथ करते. खाल्लेला चारा पुन्हा तोंडात आणून चावते, त्यामुळे तो पचतो. माणसाचे मनही रवंथ करते. तोच विचार पुन्हा वर येतो, पुन्हा चावला जातो आणि पुन्हा खाली जातो, पण त्यातले काही पचत नाही. मानसशास्त्रात या सवयीला जो इंग्रजी शब्द आहे, त्याचाही मूळ अर्थ रवंथ असाच आहे. सुसान नोलेन-होक्सेमा (१९५९–२०१३) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी या सवयीचा अनेक वर्षे अभ्यास केला. मन खिन्न असताना असे रवंथ करीत राहिले की खिन्नता लांबते आणि अडचणीतून वाट काढण्याची कुवतही कमी होते, असे या अभ्यासातून दिसून आले. पंचाईत अशी, की रवंथ करणाऱ्याला आपण खोलवर विचार करीत आहोत असेच वाटत असते.

मग विचार कोणता आणि रवंथ कोणते, हे ओळखायचे कसे? त्याची परीक्षा सोपी आहे. अर्ध्या तासाने हातात काय आले ते पाहावे. विचार केला असेल तर एखादा आकडा, एखादा निर्णय किंवा उद्या करायचे एखादे काम हाती आलेले असते. रवंथ असेल तर माणूस जिथून निघाला तिथेच परत आलेला असतो, फक्त अधिक थकलेला. दुसरी खूण प्रश्नाच्या रूपात असते. विचाराचे प्रश्न किती, कोण, कुठे, कधी असे असतात. रवंथाचे प्रश्न ‘बुडालो तर?’, ‘लोक काय म्हणतील?’, ‘माझ्याच्याने होईल का?’ असे असतात. या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांना घरी बसून उत्तरच देता येत नाही. म्हणूनच ते संपत नाहीत.

शरीरात काय घडते?

समोर साप दिसला की मेंदू धोक्याची सूचना देतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडली जातात. हृदयाचे ठोके वाढतात, मान-खांद्यांचे स्नायू ताठ होतात, पचनाचे काम मंदावते. साप निघून गेला की काही वेळात सारे पूर्ववत होते. पण सहा महिन्यांनंतर होऊ शकणाऱ्या तोट्याच्या नुसत्या कल्पनेनेही हीच यंत्रणा जागी होते, आणि हा साप काही केल्या निघून जात नाही. रात्री कॉर्टिसॉलचे प्रमाण उतरलेले असावे लागते, पण अंथरुणावर पडल्यापडल्या हिशेब सुरू झाले की मेंदू पहाऱ्यावरच राहतो. झोप मोडते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी चिडचिड होते, लक्ष लागत नाही, लहानसा निर्णयही डोंगराएवढा वाटतो आणि रात्री काळजीला आणखी एक कारण मिळते. असे हे चक्र आहे.

थोडा ताण मात्र उपयोगीच असतो. यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून एक गोष्ट मांडली होती. उत्तेजना अगदी कमी असली तरी शिकणे नीट होत नाही आणि फार वाढली तरी बिघडते. परीक्षेच्या आदल्या दिवशीचा अनुभव आठवला तर हे कोणालाही पटेल. तेव्हा काळजी शून्यावर आणण्याच्या खटपटीत पडू नये. ती बेताची राहिली की पुरे.

धंद्याच्याच बाबतीत असे का?

याची काही कारणे आहेत. एक, मिळणाऱ्या हजार रुपयांच्या आनंदापेक्षा जाणाऱ्या हजार रुपयांचे दुःख मोठे असते. डॅनियल काहनेमन आणि अमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हे शास्त्रीय रीतीने मांडले. तोट्याचे वजन मनाला साधारण दुपटीने जाणवते, असा पुढील संशोधनाचा अंदाज आहे. काहनेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन, नोकरीत बरेचसे निर्णय वरिष्ठ घेतात. धंद्यात जागा कोणती, भाव किती, उधारी द्यायची की नाही, इथपासून सारे आपल्यालाच ठरवावे लागते. तीन, लहान गावात दुकान उघडले की सर्वांना कळते आणि बंद पडले की त्याहून आधी कळते.

चौथे कारण सहसा लक्षात येत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणताच क्षणभर हायसे वाटते. या हायसे वाटण्याचीच मनाला सवय लागते. खाज सुटलेल्या जागी खाजवले की बरे वाटते, पण खाज वाढते, तसेच हे आहे. दरवेळी पुढे ढकललेला निर्णय पुढच्या वेळी अधिक भीतिदायक होऊन समोर येतो.

‘विचार करू नकोस’ म्हटल्याने भागत नाही

घरची माणसे, मित्रमंडळी चांगल्या मनाने सांगतात, ‘अरे, इतका विचार करू नकोस.’ पण वैद्याने औषध देताना ‘हे घेताना माकड आठवू नका’ असे बजावले आणि मग रोग्याला दर घोटाला माकडच दिसू लागले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांवर जवळजवळ हाच प्रयोग केला. त्याने माकडाऐवजी पांढरे अस्वल घेतले होते. पाच मिनिटे अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तरी ते पुन्हापुन्हा आठवत राहिले. एवढेच नव्हे, तर नंतर विचार करायची मोकळीक दिली तेव्हा, आधी दाबून ठेवणाऱ्यांना ते अधिकच आठवले. म्हणून विचार दाबू नये, त्याला वाट करून द्यावी. पुढील उपाय त्यासाठीच आहेत.

१. प्रश्नाचे रूप बदला

एक उदाहरण घेऊ. आयटीआय झालेल्या एका तरुणाला तालुक्याच्या गावी जळालेल्या मोटरी रिवायंडिंग करून देण्याचे दुकान टाकायचे आहे. ‘दुकान चालेल का?’ हा प्रश्न तो सहा महिने चघळत आहे. त्याने वही-पेन घेऊन बसावे. समजा, एका मोटरीमागे तार, वार्निश वगैरे वजा जाता त्याला ६०० रुपये सुटतात. गाळ्याचे भाडे आणि वीज मिळून महिना ६,००० रुपये होतात, म्हणजे १० मोटरी झाल्या. घरखर्चाला १२,००० रुपये लागतात, म्हणजे आणखी २० मोटरी. आता प्रश्न असा झाला : महिन्याला ३० मोटरी मिळतील का?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते कोणाला तरी विचारता येते. आसपासच्या गावांत पाण्याच्या मोटरी बसवणारे मिस्त्री सांगतील. सध्याच्या दुकानात मोटर टाकली की किती दिवसांनी परत मिळते, ते शेतकरी सांगतील. पावसाळ्यात शेतीपंप बंद असतात तेव्हा काम किती उरते, हेही कळेल. ज्या प्रश्नात आकडा आहे, ज्याला उत्तर देणारा माणूस आहे आणि जो अमुक तारखेपर्यंत विचारून होईल, तो प्रश्न रात्री उठवीत नाही. आपल्या प्रत्येक काळजीला या तीन गोष्टी जोडता येतात का, ते पाहावे. ज्या काळजीला काही केल्या जोडता येत नाहीत, ती बहुधा रवंथ असते.

२. नुकसानीचा आकडा काढा

‘सगळे बुडेल’ ही भीती मोघम असते, म्हणूनच ती मोठी वाटते. आपल्या तरुणाचा हिशेब पुढे चालवू. गाळ्याची अनामत रक्कम ३०,००० रुपये, सहा महिन्यांचे भाडे ३०,००० रुपये, अवजारे आणि सुरुवातीचा माल ६०,००० रुपये, असे एकूण १,२०,००० रुपये झाले. समजा सहा महिन्यांत एकही रुपया मिळाला नाही आणि दुकान बंद करावे लागले. अनामत ३०,००० परत मिळेल, अवजारे-माल विकून २५,००० येतील. म्हणजे बुडाले ते ६५,००० रुपये. याशिवाय सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ७२,००० रुपये आधीच वेगळे काढून ठेवायला हवेत. आता घरच्यांसमोर बसून विचारता येते : ६५,००० रुपये गेले तर आपण सावरू का?

उत्तर ‘होय’ असेल तर मनावरचे निम्मे ओझे उतरते. ‘नाही’ असेल तर धंदा लहान करावा किंवा थांबावे. या हिशेबात सावकाराचे व्याजी पैसे, मुलीच्या लग्नाची ठेव किंवा आईचे दागिने घालावे लागत असतील, तर रात्रीची काळजी अनाठायी नाही, ती खरे तेच सांगत आहे. कर्ज काढायचे असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सरकारी योजनांची चौकशी करावी. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची प्रशिक्षण शिबिरे होतात, त्यांचाही लाभ घ्यावा.

३. काळजीला वेळ ठरवून द्या

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. रोज ठरावीक वेळी आणि ठरावीक जागी अर्धा तास फक्त काळजी करण्यासाठी राखून ठेवायचा. दिवसभरात काळजीचा विचार आला की तो चिठ्ठीवर दोन शब्दांत टिपायचा, ‘संध्याकाळी सहाला बघू’ असे स्वतःला सांगायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचे. सहा वाजता चिठ्ठी काढून बसायचे. निम्म्या गोष्टींत तोवर दम राहिलेला नसतो. उरलेल्यांना वर सांगितल्याप्रमाणे आकडा, माणूस आणि तारीख जोडायची. ही वेळ झोपेच्या तोंडावर ठेवू नये आणि जागा अंथरूण नसावी, एवढे पथ्य पाळावे. पहिले काही दिवस जमणार नाही, पण दोन-तीन आठवडे नेटाने करावे.

४. उत्तम नको, पुरेसे पाहा

सर्वांत चांगली जागा, सर्वांत स्वस्त माल, सर्वांत शुभ वेळ, असे शोधत बसले की शोध संपतच नाही. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले, की माणसाला सर्व पर्याय तपासणे शक्यच नसते. आपल्या गरजा भागवणारा पहिला पर्याय निवडणे हाच व्यवहार असतो. जागा पाहण्याआधीच अटी लिहाव्यात. उदाहरणार्थ, भाडे ५,००० च्या आत, टेम्पो दारापर्यंत यावा, थ्री-फेज वीज असावी. या अटी पुऱ्या करणारा पहिला गाळा घ्यावा. सल्लाही ज्यांनी तो धंदा स्वतः केला आहे अशा तिघांचाच घ्यावा. दहा जणांना विचारले की दहा मते मिळतात आणि अकरावी काळजी सुरू होते. मोबाईलवर रोज रात्री पाहिल्या जाणाऱ्या यशोगाथांनाही हेच लागू आहे. त्यांत बंद पडलेली दुकाने दिसत नाहीत आणि आपल्या तालुक्याचे भावही कळत नाहीत.

५. लहान प्रयोग करा

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. ती भुलेश्वरातील ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. हाच पुढे नावारूपाला आलेला लिज्जत पापड. त्यातील यशापेक्षा पहिला दिवस आपल्या कामाचा आहे. ती चार पाकिटे खपली नसती, तर नुकसान ८० रुपयांच्या आतच राहिले असते आणि माल खपतो की नाही हे मात्र नक्की कळले असते.

आपल्या धंद्याची ‘चार पाकिटे’ कोणती, ते शोधावे. रिवायंडिंग करणाऱ्याने सुट्टीच्या दिवशी ओळखीच्यांच्या दोन मोटरी घरीच भरून द्याव्यात. मसाला करणारीने पाच किलोचा एक घाणा करून तो ओळखीबाहेरच्या लोकांना विकून पाहावा, कारण मैत्रिणी भिडेखातर घेतात. भीती कमी होण्याची वाट पाहून मग सुरुवात करायची, असा आपला क्रम असतो. प्रत्यक्षात लहानशी सुरुवात केल्यावरच भीती कमी होऊ लागते.

६. ‘असे झाले तर’चे उत्तर लिहून ठेवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवले, की ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ असे आधीच नेमके ठरवणारे लोक ठरवलेले काम अधिक वेळा पार पाडतात. याचा दुहेरी उपयोग होतो. ‘ओळखीच्याने उधार मागितले तर पहिली बाकी देईपर्यंत दुसरे काम घेणार नाही.’ ‘सहा महिन्यांच्या शेवटी महिना १५ पेक्षा कमी मोटरी येत असतील तर गाळा सोडीन.’ थांबण्याची रेषा आधीच आखलेली असली की रोज रात्री ‘चालू ठेवू की बंद करू’ याची पंचायत भरवावी लागत नाही.

शरीराची पथ्ये

चहा-कॉफीतील कॅफीनपैकी साधारण निम्मे पाच तासांनंतरही शरीरात शिल्लक असते. म्हणून ज्यांची झोप मोडते, त्यांनी दुपारी तीननंतर चहा बंद करावा. दारूने झोप लवकर लागल्यासारखी वाटते, पण उत्तररात्री ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते. ‘टेन्शन’वर दारू हा उपाय नव्हेच. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून आणू नयेत, त्यांची सवय लागते. रोज अर्धा तास भरभर चालावे.

झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी करावी. २०१८ मध्ये अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर प्रयोग झाला. झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कागदावर उतरलेली गोष्ट डोक्यात धरून ठेवावी लागत नाही. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर अंथरुणातून उठून मंद उजेडात काहीतरी साधे वाचावे आणि पेंग आली की पुन्हा पडावे. घड्याळ व मोबाईल पाहू नये.

घरच्या माणसांनी काय करावे?

‘तुला जमणार नाही’ आणि ‘काही होत नाही, टाक उडी’ ही दोन्ही वाक्ये टाळावीत. त्याऐवजी हिशेबाच्या वहीवर सोबत बसावे. वडिलांनी, पत्नीने किंवा पतीने ‘एवढे गेले तरी आम्ही तुला बोल लावणार नाही’ असा आकडा स्पष्ट सांगितला, तर औषधापेक्षाही अधिक उतार पडतो. रोज जेवताना ‘मग काय ठरले?’ असे विचारू नये. आठवड्यातून एकच दिवस या विषयासाठी ठेवावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

काळजी सहा महिने किंवा अधिक काळ बहुतेक दिवस राहते, एका धंद्यापुरती न राहता आरोग्य, मुले, पैसा अशी सर्वत्र पसरते, आणि तिच्याबरोबर थकवा, चिडचिड, अंग आखडणे, झोप मोडणे असतेच, अशा वेळी हा चिंताविकार असू शकतो. सलग दोन आठवडे मन उदास राहणे, कशातच रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. थायरॉईड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी धडधड, वजन घटणे, हात थरथरणे असे त्रास होतात. म्हणून आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि त्यांनी सुचवल्यास मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोच करू नये. हे दोन्ही विकार बोलण्याच्या उपचारांनी आणि गरज पडल्यास औषधांनी बरे होतात.

जगण्यात अर्थ नाही, आपण घरच्यांना ओझे झालो आहोत, असे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. घरातल्या कोणाला तरी सांगावे, रुग्णालयात जावे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते, मराठीतही.

एक शंका

‘एवढे सगळे केल्यावर धंदा करू नये असेच उत्तर आले तर?’ असे कोणी विचारील. तर तेही उत्तरच आहे. आकडे मांडून, चार जणांना भेटून, लहान प्रयोग करून ‘सध्या नको’ असे ठरवणारा माणूस हरलेला नसतो. त्याची पुंजी शिल्लक असते आणि झोप परत आलेली असते. ‘करू की नको’ यात वर्षानुवर्षे अडकून पडणाऱ्याचे मात्र दोन्ही जाते.

तेव्हा आज संध्याकाळी एक वही घ्यावी. मनात सर्वांत जास्त घुमणारा एकच प्रश्न तिच्यात लिहावा. त्यात आकडा घालावा, तो कोणाला विचारायचा त्याचे नाव लिहावे आणि समोर या आठवड्यातली तारीख टाकावी. आजच्यापुरते एवढे पुरे.